वरचं बटण

पोरगं हरू दे, असा नवस रत्नमालानं भद्रा मारुतीला बोलला होता. शक्तीचा देव तो, असलं गाऱ्हाणं त्यानं जन्मात ऐकलं नसेल! पण शिवराजनं शब्द दिला होता, ही फायनल हरलो तर ग्लोव्हज खुंटीला टांगीन आणि चिकलठाण्याला कंपनीत लागेन. म्हणून ती जीव मुठीत धरून हॉलमध्ये बसली होती.

शेजारी नवरा, कडुबा. एकेकाळी बॉक्सिंगचा राज्य चॅम्पियन. डोक्यात इतके ठोसे खाल्ले, की आता हात लटलट कापायचे आणि बोलणं घशात अडकायचं. सकाळी शर्टाची बटणंसुद्धा रत्नमालाच लावायची. आज आयोजकांनी त्याला शाल घातली, नारळ दिला, ‘बाप तसा बेटा’ म्हणून माईकवर कौतुक केलं. नारळ काही त्याच्या हातात ठरेना. शेवटी तिनंच तो मांडीवर घेतला.

तिसऱ्या फेरीत शिवराजच्या कानशिलावर असा ठोसा बसला, की तिनं डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा पंचानं त्याचाच हात वर धरला होता. कडुबा लहान पोरासारखा रडत होता. आजूबाजूच्या बाया तिचं अभिनंदन करायला धावल्या. ती हसली. काय करणार बापडी? मारुतीनं शेवटी पैलवानाचीच बाजू घेतली होती.

गर्दी पांगल्यावर शिवराज कपडे बदलून आला. गळ्यात पदक, शर्ट उघडाच.

“आई, तेवढी बटणं लाव. हात सुजलाय.”

तिनं त्याचा हात हातात घेतला. सूज कुठंच नव्हती. बोटं तेवढी थरथरत होती. तिनं घट्ट दाबून धरली तरी थांबेनात.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. पप्पाला नको सांगू. लई खुश हायेत ते आज.”

पप्पा मागंच उभे होते.

कडुबानं बायकोला हळूच बाजूला सारलं आणि स्वतः पोराचं वरचं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. शिवराज मान खाली घालून उभा राहिला. रत्नमालानं नारळ पोटाशी आवळून धरला.

बटण काही काजात जाईना.

“हरायचं व्हतं रं, बाळा,” कडुबा अडखळत म्हणाला.