भारीतला कंडिशनर

नवरा त्याच्या स्पोर्ट्स कारला तळहाताच्या फोडासारखं जपतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून त्याला बॅटरी कंडिशनर घ्यायचा होता. "त्यापेक्षा गाडी फिरवून आण की!" मी म्हटलं. "धूळ बसते," म्हणाला. तीन आठवडे त्यानं चौदा कंडिशनरांचा तक्ता केला, माझ्या भावाशी वाद घातला आणि एकदाचा सगळ्यात भारीतला आणला. तोवर बॅटरी पार झोपली होती. रिमोट दाबून दाबून बोट दुखलं, पण ना दार उघडलं, ना बॉनेट.

शेवटी मेकॅनिकला फोन लावला.

"सोपं आहे, साहेब. बॅटरी उतरल्यावर गाडी कशी उघडायची, ते गाडीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. पुस्तिका आहे ना?"



काचेला नाक लावून नवरा म्हणाला, "हो, दिसतेय."