हजेरीतलं सतरावं नाव

“चूल सोडून उठायचं न्हाई,” जळबानं बायकोला बजावलं. “आन पोरीलाबी उठू देऊ नको.”

जळबा आचारी होता. औंढ्याच्या मंगल कार्यालयात आज एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सन शहाण्णवची दहावी. पद्माबाईनं दारावरच्या बॅनरकडं एकदा पाहिलं, डोईवरचा पदर पुढं ओढला आणि कणीक मळायला बसली.

शेजारी आरोही पुऱ्या लाटत होती. येत्या शुक्रवारी तिचा दहावीचा पहिला पेपर होता आणि आदल्याच दिवशी, गुरुवारी लग्न. जळबानं सोयरीक गुपचूप उरकली होती. पोरगी रडली, दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणाला, पेपर काय, पुढल्या सालीबी असतात. लग्न चार दिवसांवर आलं तरी बिचारीची पुऱ्यांतून काही सुटका नव्हती.

“आई, तू तरी बोल की गं त्यायला.”

“लाट,” पद्माबाई म्हणाली. इतक्या वर्षांत ती नवऱ्यापुढं चकार शब्द बोलली नव्हती, आता कुठली बोलते?

तिनं एका पातेल्यात बिनमिरचीचं वरण वेगळं काढलं.

“हे कोनासाठी?”

“सरासाठी. त्यायला तिखट सोसत न्हाई.”

“तुला काय ठाव?”

“म्हातारं मानूस हाय. दिसतं की.”

हॉलमध्ये पोटं सुटलेली, टक्कल पडलेली पोरं दाटीवाटीनं बसली होती. बायका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच. किशनराव सर ऐंशीच्या घरातले, पण खरोखरच जुना हजेरीपट घेऊन आले होते. नाव घेतलं की एकेक साहेब “हजर, सर!” म्हणून ओरडायचा आणि हशा पिकायचा.

सतराव्या नावाला सर अडखळले.

“संगीता रामजी खिल्लारे.”

सरांनी चष्मा पुसला आणि नाव पुन्हा घेतलं.

“तिचा पत्ताच लागला न्हाई, सर,” मेळावा भरवणारा भागवत म्हणाला. “बाप सालगडी. साल सरलं की गाव बदलायचा. त्यात पोरींची नावं लग्नात बदलतात, शोधायची तकलीफच. पहिल्याच बाळंतपणात गेली म्हणं ती.”

सर खुर्चीत बसले. खिशातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. दहावीचं हॉल तिकीट होतं.

“वर्गात पहिली होती पोर,” ते म्हणाले. “परीक्षेच्या आधी माझ्या दारात आली. म्हणाली, सर, माझ्या बापाला एवढं सांगा, पेपर होऊ द्या, मग लावा लग्न. मी म्हणालो, घरचा मामला आहे, त्यात मी कसा पडू? हे तिकीट माझ्याकडंच राहिलं. मला तिची माफी मागायची होती रे.”

हॉलमधल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले.

स्वयंपाकघराच्या दारात आरोहीचं लाटणं थांबलं होतं. ती हुंदके देत होती. मेलेल्या पोरीसाठी की स्वतःसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पद्माबाईनं पीठभरल्या हातानं तिचे डोळे पुसले.

“संगीतासाठी दोन मिनिटं उभं राहू,” भागवत म्हणाला.

सगळे उभे राहिले. आचाऱ्याची माणसं उभी राहिली. आरोहीही उठली. पद्माबाई तेवढी बसून होती.

“उठ की, आई,” आरोही कुजबुजली. “मेलेल्या मानसासाठी उठावं.”

पद्माबाई उठली. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि ती सरळ हॉलमध्ये शिरली.

“कुठं चालून राहिली?” जळबा मागून दबक्या आवाजात खेकसला. ती थांबली नाही. माना खाली घातलेल्या माणसांमधून वाट काढत ती सरांच्या टेबलापाशी गेली, आणि तिथं तिनं डोईवरचा पदर मागं सारला.

“हजर, सर,” ती म्हणाली. “तवा माझ्या बापाला सांगाया तुमी आले न्हाई. आता हिच्या बापाला सांगा.”