पडद्यामागचा सरळ स्वर

“पुढचा,” म्हणत वाद्यवृंदाच्या संचालकाने पेन्सिलीने टेबलावर टकटक केली. पडद्यामागे दोन नंबरच्या वादकाने व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खांद्याला लावला.

चार स्वर झाले नाहीत तोच संचालकाचं नाक आक्रसलं. हा स्वर म्हणायचा की ताटलीतली जेली? प्रत्येक सूर उचलायचा, डुलवायचा, पाळण्यात घालून जोजवायचा आणि मगच खाली ठेवायचा. शेजारी चेलोवाल्या बाई बसल्या होत्या. ओठ न हलवता तो त्यांना म्हणाला, “आले बघा आमचे मास्तर.”

“कोण आहे ते ओळखायचं नाही असं ठरलंय ना?”

“ओळखायला कशाला हवं? हुंदकाच सांगतोय.”

पहिल्या व्हायोलाच्या खुर्चीवर मास्तर बसत आले त्याला आता जमाना झाला होता. संचालक त्यांच्याच घरी गज धरायला शिकला होता. त्यांनीच त्याची बोटं तारेवर नीट बसवली होती, कान पिळून पिळून सुरावर आणला होता. तेच मास्तर आता त्याच्या डोळ्यांत खुपत होते. वाद्यवृंद त्याच्या हाती आला तसा त्याने नियम काढला की सगळ्यांच्या खुर्च्या रिकाम्या, सगळ्यांनी नव्याने वाजवून दाखवायचं, तेही पडद्याआडून. नाव नाही, चेहरा नाही. बुटांच्या टाचा चुगली करतील म्हणून खाली जाड गालिचा. केवढा न्यायी माणूस, असं लोक म्हणाले. त्याला मात्र एकच खुर्ची रिकामी करायची होती. उद्या कुणी विचारलंच तर सांगायला बरं, मी कुठे काढलं, पडद्याने काढलं.

नव्या वादकांपुढे त्याचं एक भाषण ठरलेलं असे. व्हायोलाच्या म्हणे तीन पिढ्या. पहिली घसरायची. या स्वरावरून त्या स्वरावर जाताना, जिन्याच्या कठड्यावरून पोरं येतात तशी सुळकन. तिच्यावर नाक मुरडत दुसरी आली आणि थरथरायला लागली. बोट तारेवर टेकलं की हललंच पाहिजे, हुडहुडी भरल्यासारखं. आता तिसरी. आता स्वर सरळ. भाव आणायचा तो गजाच्या श्वासातून, बोटांच्या कापऱ्यातून नाही. “आणि आमचे मास्तर,” तो म्हणे, “म्हणजे दुसऱ्या पिढीचा न उतरलेला ताप.” तिथे हशा यायचाच. मास्तर समोर असले तरी यायचा. मास्तर तेव्हा गजाला राळ घासत बसायचे.

दोन नंबरपुढे त्याने फुली मारली. इतकी दाबून की पेन्सिलीचं टोक मोडलं.

तीन नंबर बेसूर निघाला. मग चार नंबर सुरू झाला, आणि संचालक खुर्चीत सरळ बसला.

तुकडा तोच, सगळ्यांना दिलेला, संथ. पण हा स्वर उघडा आला. अंगावर मणी नाही, डोरलं नाही, डोक्यावर पदर नाही. धुऊन उन्हात टाकलेल्या चादरीसारखा स्वच्छ. बोट पडलं तिथे पडलं, हललं नाही. मध्यावर एक लांब सूर होता. भलेभले तिथे विरघळतात. यानं तो तसाच धरला, गज बारीक बारीक करत नेला, आणि दिवा मालवावा तसा संपवला.

“कोरडं वाटतंय हो,” चेलोवाल्या बाई हळूच म्हणाल्या. “माणूस बोलायला तोंड उघडतो आणि शब्दच फुटत नाही, तसं काहीतरी.”

“बाई, तुमचे कान पाकात मुरलेत. याला संयम म्हणतात. हा आजचा वादक आहे.”

“संयम असेल तर बरंच आहे,” बाई म्हणाल्या.

त्याने चारला गोल केला. उठला, कोट ओढून नीट केला. मास्तरांना निरोपाचे दोन शब्द कसे बोलायचे, चेहरा किती पाडायचा, हे त्याचं आधीच घोकून झालं होतं. “पडदा सरकवा,” तो म्हणाला. “चार नंबर, ही खुर्ची तुमची.”

पडदा सरकला. दोन नंबरच्या जागी एक तरुण मुलगी डोळे पुसत उभी होती. मास्तरांची नवी शिष्या. आणि चार नंबरच्या खुर्चीत मास्तर बसले होते.

संचालकाने एकदा कागदावरचा गोल पाहिला, एकदा मास्तरांना. पण तो सावरला. चेहऱ्यावर मोठेपणाचं हसूही आलं. “म्हणजे शेवटी पटलं तर तुम्हाला, मास्तर. या वयात शैली बदलायची, सोपं नाही.”

मास्तरांनी व्हायोला मांडीवर आडवा ठेवला, डावा हात पुढे केला आणि मनगट वळवू लागले. मनगट वळेना. कोपरापासून अख्खा हात फळीसारखा एकसंध फिरला.

“शैली कसली घेऊन बसलास. हिवाळ्यात पडलो, हाड जुळलं ते असं. बोटं पडतात जागेवर, पण एक स्वर डुलत नाही माझा. सगळ्यांबरोबर वाजवताना झाकून जातं. आपणहून खुर्ची सोडायचा मला काही धीर होईना.” ते थांबले. “असलं वाजवणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं. तुझा कान मी घडवलेला. म्हटलं, तो तरी ऐकेल, आणि मला घरी जा म्हणेल.”