खुर्चीवरचा स्वेटर

“बसा बाई. आत्ताच चहाला गेलेत, येतीलच.” शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर न करता म्हणाला.

ती बाकावर बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर अडकवलेला होता. टेबलावर चष्म्याचं घर, टोपण काढून ठेवलेलं पेन. तिला एकच वाक्य सांगायचं होतं आणि स्वेटर घरी न्यायचा होता. वाटेत ते वाक्य तिने मनात म्हणून पाहिलं होतं. कुठे अडखळायला झालं नव्हतं.

“नव्या दिसताय,” बाकावरचे आजोबा म्हणाले. “मी नळजोडणीसाठी गेल्या वर्षापासून येतोय. साहेब काही सापडत नाहीत, पण स्वेटरने एक दिवस रजा घेतलेली नाही. बढती त्यालाच द्यायला हवी.”

तिला हसू आलं नाही. रागही आला नाही. खुर्चीला स्वेटर अडकवून गायब व्हायची युक्ती तिला फार पूर्वीपासून माहीत होती. घरी जेवताना नवरा ती रंगवून सांगायचा आणि ती चिडायची. “आमच्याकडे असं केलं ना, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.” ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायची. आजचं काम उद्यावर टाकणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. “तुझं आपलं सगळंच घाईचं,” तो म्हणायचा. “कामं काय पळून जातात?”

ती उठली. स्वेटर हातात घेतला. कोपरावरचं रफू तिचंच होतं. मानेशी अजून त्याच्या तेलाचा वास होता.

“अहो, अहो! हात नका लावू, साहेब चिडतील,” कारकून म्हणाला. मग जरा नरमला. “काम काय होतं? आले की निरोप देतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच वाटत होतं, साहेब येतील.

तिने स्वेटर पुन्हा खुर्चीला अडकवला. एक बाही दुमडली होती, ती सरळ केली.

“घाई नाही,” ती म्हणाली. “उद्या येते.”

‘माझे मिस्टर रविवारी वारले’ हे वाक्य ती तसंच परत घेऊन निघाली. साऱ्या जगात या एकाच खोलीत तो अजून चहाला गेलेला होता.