त्रेसष्ट विरुद्ध एक

गल्लीने एकी केली की सरकारलाही वाकावं लागतं, असा निवृत्त शिक्षिका वर्ना किटरिज यांचा सिद्धांत होता. मेन स्ट्रीटच्या दुकानांचा सुशोभीकरण कर आता मागच्या गल्लीतल्या घरांनाही लागणार होता, आणि तो भरून पेन्शनवर घर राखणं त्यांना जमणार नव्हतं. त्यावर मतदान होणार होतं, म्हणून त्या विरोधी मतांसाठी दारोदार फिरल्या.

"म्हणजे झाडू मारणार दुकानापुढे आणि खिसा झाडणार आपला! विरोधातच देतो बघा मत, बाई," शेजारचा ड्वेन म्हणाला.

मतमोजणीत विरोधात त्रेसष्ट घरं निघाली, बाजूने फक्त कोपऱ्यावरचं हॉटेल. वर्नाबाईंनी टाळ्या पिटल्या.

"बसा बाई. कर मंजूर झालाय," कारकून हळूच म्हणाला. "इथे डोकी मोजत नाहीत, मिळकतीची किंमत मोजतात."


हॉटेल एकटंच नव्वद घरांच्या किमतीचं होतं.