लाडीचा घास

मंगरूळपीरजवळच्या संशोधन केंद्रात किशन आणि सुकेशनी शेळ्या सांभाळत. पण लाडी नावाची शेळी फक्त सुकेशनीच्या उघड्या हातावरून खाई, हे किशनला सलत असे. आज तपासणीचा निकाल आला. औषधांना न जुमानणारा एकच जंतू लाडीच्या आणि सुकेशनीच्या नाकात सापडला होता. "हातमोज्यांनी तुला वाचवलं," डॉक्टर किशनला म्हणाले. सुटकेचा निःश्वास टाकण्याऐवजी त्याच्या मनात आले, लाडीने हेही तिलाच दिले. उपचारासाठी निघालेली सुकेशनी दारात थबकली. "माह्या लाडीले उपाशी ठेवू नको, भाऊ. अन् हातमोजे काढू नको बरं!" "तुही कायची? बकरी केंद्राची हाय," किशन फणकारला. ती गेल्यावर त्याने सुबाभळीचा पाला पुढे धरला. लाडी तोंड फिरवून दाराकडे पाहत ओरडली. किशनने हातमोजा उतरवला. जवळ येऊन लाडीने आधी तळवा चाटला, मग पाला खाल्ला.