रणजितचा हात

"जुनी असली म्हणून काय झालं? फक्त तिला माझाच हात लागतो!" ख्राइस्टचर्चमधल्या प्रत्येक मराठी घरी रणजित आपल्या वीस वर्षं जुन्या गाडीचं कौतुक असंच रंगवून सांगायचा. खोटं नव्हतं ते. त्याच्या बायकोकडे, संपदाकडे, लायसन्स होतं; पण तिने कितीही किल्ली फिरवली तरी गाडी ढिम्म. रणजित बसला की पहिल्या फटक्यात सुरू. भूकंपानंतर घराजवळून जाणारी बसही बंद झालेली. नवी गाडी घेऊ म्हटलं की तो म्हणे, "चालतेय ना ही? तुला जायचं तिथे मी सोडतो की."

तो कामासाठी ऑकलंडला गेला, तेव्हा संपदाने गुपचूप मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने सीटखाली चाचपून एक बारीकसं बटण दाबलं, किल्ली फिरवली आणि इंजिन घुमलं.

"गाडी ठणठणीत आहे. चोराला सुरू करता येऊ नये म्हणून कुणीतरी हे बटण बसवलंय. तुम्हाला सांगितलं नाही घरात?"

संध्याकाळी रणजितचा फोन आला. "काय गं, घरीच ना?"



"जाणार कुठे? तिला तुझाच हात लागतो ना," म्हणत संपदाने दुसरी बॅगही डिकीत ठेवली.